सी भाषेत संच नाही, तो आपणच बांधायचा

सुरतेकडून येणारी गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते आणि पुढे भुसावळला जाते. मुंबईकडून येणारी गाडी चाळीसगाव, पाचोरा करत जळगावला येते आणि तीही पुढे भुसावळला जाते. दोन्ही मार्गांवर असलेली स्टेशनं कोणती, असं खानदेशातल्या कुणालाही विचारा. जळगाव आणि भुसावळ, हे उत्तर लगेच येईल. नववीच्या गणितात याला आपण दोन संचांचा छेद म्हणतो. हाच प्रश्न सी भाषेत सोडवायला बसलं की पहिली अडचण अशी येते, की सी ला 'संच' हा प्रकारच ठाऊक नाही.

निकलाउस विर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत संच हा प्रकार तयार मिळतो. सी पुढच्या दोन-तीन वर्षांत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, ती युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिता यावी म्हणून. त्यामुळे तिने पूर्णांक दिले, अ‍ॅरे (आकड्यांची रांग) दिला, स्ट्रक्चर (वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ठेवणारा गठ्ठा) दिलं, एकेका बिटला (शून्य किंवा एक ठेवणाऱ्या सर्वांत लहान घराला) हात लावायची सोय दिली. यातून काय बांधायचं ते तिने आपल्यावर सोडलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वहीत हा प्रोग्रॅम हमखास सापडतो: दोन अ‍ॅरे घ्या, त्यांचं युनियन (संयोग) आणि इंटरसेक्शन (छेद) काढा. बरीच मुलं तो पाठ करतात. मला याचं वाईट वाटतं, कारण या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये सी भाषेचा मोठा भाग समजून घेण्याची संधी आहे. तीच इथे घेऊ.

एक सूचना आधीच देतो. खाली कोडच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना इफ, फॉर, रिटर्न हे शब्द, नावं आणि आकडे नेहमीसारखे रोमनमध्येच टाइप करा. चिन्हं मात्र आहेत तशीच घ्यायची.

अ‍ॅरे म्हणजे संच नव्हे

संचाच्या अटी दोनच आहेत. एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते, दोनदा असू शकत नाही. आणि घटकांच्या क्रमाला काही अर्थ नसतो. अ‍ॅरे या दोन्ही अटी मोडतो. त्यात एकच आकडा दहा वेळा भरता येतो, आणि प्रत्येक आकड्याला पहिला-दुसरा असा क्रम असतो. म्हणून अ‍ॅरेतून संच करायचा तर या अटी पाळण्याची जबाबदारी आपल्या फंक्शनवर येते, आणि संचात काहीही भरायचं ते त्याच एका फंक्शनमधून, असा नियम स्वतःला घालून घ्यावा लागतो.

घटक म्हणून पिनकोड घेऊ. (पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, म्हणजे ते आणि सी भाषा एकाच वयाचे.) सुरत मार्गावरची चार गावं घेतली: जळगाव ४२५००१, भुसावळ ४२५२०१, अमळनेर ४२५४०१, नंदुरबार ४२५४१२. मुंबई मार्गावरची चार: चाळीसगाव ४२४१०१, पाचोरा ४२४२०१, आणि पुन्हा जळगाव, भुसावळ. एका स्ट्रक्चरमध्ये अ‍ॅरे आणि त्यात सध्या किती घटक आहेत ती संख्या, असं दोन्ही एकत्र ठेवायचं, आणि त्या स्ट्रक्चरचं नाव 'संच'. नुसता अ‍ॅरे फंक्शनला दिला तर तिथे फक्त त्याचा पत्ता पोचतो, लांबी पोचत नाही. म्हणून संख्या सोबत हवी.

सगळ्यात आधी लिहायचं ते 'आहे का' हे फंक्शन:

इंट आहे_का(संच *स, इंट क्ष) {
  फॉर (इंट इ = ०; इ < स->संख्या; इ++)
    इफ (स->घटक[इ] == क्ष) रिटर्न १;
  रिटर्न ०;
}

बाकी सगळं यावरच उभं राहतं. घटक टाकायचा असेल तर आधी 'आहे का' विचारा. असेल तर गप्प परत या. नसेल तर अ‍ॅरेत जागा शिल्लक आहे का ते पाहा, आणि मगच शेवटी लिहून संख्या एकने वाढवा. छेद काढायचा तर पहिल्या संचातला एकेक घटक उचला, तो दुसऱ्यात आहे का विचारा, असेल तर उत्तरात टाका. फरक काढताना उलट: दुसऱ्यात नसेल तर टाका. संयोग काढताना पहिला पूर्ण उतरवा, मग दुसऱ्यातले फक्त नवे टाका.

जागेची तपासणी बरेच जण गाळतात. सी अ‍ॅरेची हद्द तपासत नाही. शंभर जागांच्या अ‍ॅरेत एकशे एकावा आकडा लिहिलात तर तो शेजारच्या मेमरीत जाऊन बसेल आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळेल, किंवा न कोसळता चुकीचं उत्तर देईल. दुसरा प्रकार जास्त वाईट. संयोगाचं उत्तर जास्तीत जास्त दोन्ही संख्यांच्या बेरजेएवढं मोठं होऊ शकतं, छेदाचं लहान संचाएवढं. एवढी जागा आधीच राखून ठेवा.

उत्तर परत कसं द्यायचं यावरही मुलं अडतात. सी मधलं फंक्शन अ‍ॅरे परत देऊ शकत नाही. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या अ‍ॅरेचा पत्ता परत दिला, तर फंक्शन संपताच त्या जागेवरचा आपला हक्क संपलेला असतो. तोच अ‍ॅरे स्ट्रक्चरच्या पोटात असेल तर पूर्ण स्ट्रक्चर परत देता येतं, त्याची रीतसर नक्कल होते. किंवा उत्तरासाठीच्या स्ट्रक्चरचा पत्ता बाहेरूनच पाठवा. संच मोठा असेल तर हा दुसरा मार्ग बरा, नक्कल करण्याचा खर्च वाचतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर एक गोष्ट सांभाळा. तिथे इंट सोळा बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. ४२५००१ हा पिनकोड त्यात ठेवला की तो ३१,७८५ होऊन बसतो. तिथे लाँग वापरा. सी भाषेचं मानक इंटला किमान सोळा बिटं असतील एवढीच हमी देतं, लाँगला किमान बत्तीसची.

क्रम लावला की कष्ट वाचतात

वरच्या पद्धतीने छेद काढताना किती तुलना होतात ते हाताने मोजून पाहा. मुंबई मार्गाची यादी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आहे. जळगाव शोधायला तीन तुलना लागतात, भुसावळला चार, आणि अमळनेर, नंदुरबार त्यात नाहीत हे कळायलाही प्रत्येकी चार. एकूण पंधरा.

आता दोन्ही याद्या चढत्या क्रमाने आहेत असं धरा. एक बोट पहिल्या यादीच्या सुरुवातीला, दुसरं दुसऱ्या यादीच्या. दोन्ही बोटांखालचे आकडे पाहायचे. लहान आकड्यावरचं बोट पुढे सरकवायचं. सारखे असतील तर आकडा उत्तरात घ्यायचा आणि दोन्ही बोटं सरकवायची. ४२५००१ समोर ४२४१०१ लहान, तो सरकला. ४२४२०१ लहान, तोही सरकला. मग ४२५००१ दोन्हीकडे, घेतला. ४२५२०१ दोन्हीकडे, घेतला. दुसरी यादी संपली, काम संपलं. आकड्यांच्या चार जोड्या पाहून झालं.

पंधरा आणि चार यात फार फरक वाटणार नाही. पण दोन्हीकडे दहा-दहा हजार घटक असतील, तर पहिल्या पद्धतीत तुलना दहा कोटींपर्यंत जातात आणि दुसरीत वीस हजारांच्या आत राहतात. क्रम लावायचा खर्च वेगळा येतो हे खरं, पण तो एकदाच येतो. संयोग आणि फरकही याच दोन बोटांनी निघतात, फक्त कोणता आकडा उत्तरात घ्यायचा तेवढं बदलतं. गंमत अशी, की क्रमाला संचात अर्थ नाही हे आपण आधी म्हटलं, आणि अर्थ नाही म्हणूनच आपल्या सोयीचा क्रम लावायला आपण मोकळे आहोत.

नावं घटक असतील तर

पिनकोडऐवजी गावांची नावं वापरली की नवे प्रश्न उभे राहतात. दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का हे सी मध्ये == ने विचारता येत नाही. ते चिन्ह दोन पत्त्यांची तुलना करतं, आतल्या अक्षरांची नाही. त्यासाठी स्ट्रकम्प हे फंक्शन आहे, आणि स्ट्रिंग सारख्या असतील तर ते शून्य देतं. 'इफ स्ट्रकम्प' असं नुसतं लिहिलं तर अर्थ बरोबर उलटा होतो.

नाव देवनागरीत असेल तर जागेचा हिशेबही बदलतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (आठ बिटांचा एक बाइट) घेतं. 'जळगाव' मध्ये ज, ळ, ग, काना आणि व अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट, आणि शेवटचा शून्य धरून सोळा. दहा जागांचा कॅर (एकेका बाइटच्या घरांचा) अ‍ॅरे त्याला पुरत नाही.

याहून खोल प्रश्न ओळखीचा आहे. कुणी 'चाळीसगाव' लिहिलं, कुणी 'चाळिसगाव'. नंदुरबार जिल्ह्यातला एकच तालुका अक्राणी म्हणून नोंदला जातो आणि धडगाव म्हणूनही. मुक्ताईनगरचं आधीचं नाव एदलाबाद होतं, ते जुन्या कागदांत भेटतं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे घटक आहेत आणि संयोगात ते दोनदा येणार. 'एक घटक एकदाच' ही अट पाळायची तर दोन घटक एकच कधी मानायचे हे आधी माणसाने ठरवायला हवं. म्हणूनच मी प्रत्येक गावाला एक क्रमांक द्या आणि संच क्रमांकांचा करा असं सांगतो. नावं एका वेगळ्या तक्त्यात राहू द्या, छापताना तिथून घ्या.

आठ खिडक्यांचा महाल

एकदा क्रमांक दिले, आणि क्रमांक थोडेच असले, की सी ची खरी ताकद हाताशी येते. त्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊ. तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त एक उदाहरण असं आहे: राजाच्या महालाला आठ झरोके आहेत. एकेक, दोन-दोन, तीन-तीन असे ते उघडे ठेवले तर किती प्रकार होतील? उत्तर आहे २५५.

प्रत्येक झरोका उघडा किंवा बंद. दोन शक्यता, आठ वेळा गुणल्या की २५६. सगळेच बंद हा एक प्रकार सोडला की २५५. आता संगणकाचा एक बाइट पाहा. त्यात आठ बिटं, प्रत्येक शून्य किंवा एक, आणि त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २५५. महालाचा प्रत्येक प्रकार म्हणजे आठ झरोक्यांच्या संचाचा एक उपसंच, आणि प्रत्येक उपसंच म्हणजे एका बाइटमधला एक आकडा. रिकामा संच म्हणजे शून्य. अ‍ॅरे नको, संख्या मोजत बसायला नको, एक घटक दोनदा टाकायची भीतीही नाही, कारण उघडा झरोका पुन्हा उघडला तरी तो उघडाच राहतो.

आपली स्टेशनंही नेमकी आठ आहेत. त्यांना शून्यापासून क्रमांक देऊ:

नवापूर ०, नंदुरबार १, दोंडाईचा २, अमळनेर ३, जळगाव ४, भुसावळ ५, पाचोरा ६, चाळीसगाव ७.

ही आठ स्टेशनं म्हणजे आपला विश्वसंच. क्रमांक क च्या स्टेशनाची किंमत १ << क, म्हणजे एक हा आकडा क घरं डावीकडे सरकवून मिळणारी. नवापूर १, नंदुरबार २, दोंडाईचा ४, अमळनेर ८, जळगाव १६, भुसावळ ३२, पाचोरा ६४, चाळीसगाव १२८. उजवीकडचं पहिलं बिट नवापूरचं धरलं, तर दोन मार्गांचे संच असे दिसतात:

सुरत = ००११११११ = ६३
मुंबई = ११११०००० = २४०

आणि आता सगळ्या क्रिया एकेका ओळीत (~ हे चिन्ह प्रत्येक बिट उलटवतं):

संयोग: सुरत | मुंबई = ११११११११ = २५५
छेद: सुरत & मुंबई = ००११०००० = ४८
फरक: सुरत & ~मुंबई = ००००११११ = १५
फक्त एकाच मार्गावरची: सुरत ^ मुंबई = ११००११११ = २०७

४८ म्हणजे १६ अधिक ३२, जळगाव आणि भुसावळ. संयोग म्हणजे 'यात किंवा त्यात', छेद म्हणजे 'यात आणि त्यात', असं आपण शाळेत म्हणतो. इथे ते 'किंवा' आणि 'आणि' प्रोसेसर स्वतः, आठही स्टेशनांसाठी एकदम करतो. फॉर लूप लागत नाही.

घटक टाकणं म्हणजे स = स | (१ << क). काढणं म्हणजे स = स & ~(१ << क). आहे का विचारणं म्हणजे स & (१ << क). या शेवटच्याचं उत्तर शून्य असेल तर नाही, शून्य नसेल तर आहे. जळगावसाठी 'आहे' हे उत्तर १६ असं येतं, १ नव्हे. म्हणून त्याची १ शी तुलना करू नका, ० शी करा.

लिनक्स वापरणारे हे रोज बघतात. फाइलच्या परवानगीत वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. सात म्हणजे तिन्हींचा संच, पाच म्हणजे वाचणे आणि चालवणे. नवी फाइल तयार होताना ६६६ मधून ०२२ चा मास्क (काढायच्या परवानग्यांचा संच) वजा होऊन ६४४ उरतात, ते वर दाखवलेल्या फरकाच्याच सूत्राने: ६ & ~२ = ४.

इथे पाय घसरतो

सर्वांत जास्त घोळ एका चिन्हाऐवजी दोन टाइप केल्याने होतो. & बिटांवर काम करतं, && फक्त खरं की खोटं एवढं सांगतं. सुरत && मुंबई याचं उत्तर १ येतं. सुरत || मुंबई चंही १. आपल्या तक्त्यात १ म्हणजे नवापूर! कंपायलर तक्रार करत नाही, प्रोग्रॅम चालतो, आणि दोन्ही मार्गांवर फक्त नवापूर सामाईक आहे असं शांतपणे छापतो. ~ च्या जागी ! टाइप केलं तर ६३ चा पूरक संच शून्य येतो.

दुसरी गोष्ट कंसाची. सुरत संच मोठ्या संचाचा उपसंच आहे का, हे विचारायचं सूत्र सोपं आहे: छेद घेतल्यावर सुरत जसाच्या तसा उरतो का ते पाहायचं.

(सुरत & मोठा) == सुरत

कंस काढलात तर सी आधी मोठा == सुरत करते आणि मग &. याचं कारण इतिहासात आहे. सी च्या आधीच्या बी भाषेत & हे एकच चिन्ह दोन्ही कामं करायचं. पुढे && वेगळं झालं, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून & ची जागा अग्रक्रमात खालीच राहिली. रिची यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. आपण प्रत्येक ठिकाणी कंस घालावा, बस.

तिसरी गोष्ट पूरक संचाची, आणि ही नीट समजून घेण्यासारखी आहे. ६३ चा पूरक संच पाचोरा आणि चाळीसगाव, म्हणजे १९२ यायला हवा. पण ~६३ छापून पाहिलं तर −६४ येतं, संच एका बाइटच्या अनसाइन्ड (ऋण आकडे न ठेवणाऱ्या) कॅरमध्ये ठेवला असला तरीही. कारण हिशेब करण्याआधी सी लहान प्रकार उचलून इंटमध्ये नेते. तिथे आठ नव्हे, बत्तीस बिटं उलटतात. आपल्या आठ स्टेशनांच्या पलीकडची चोवीस अस्तित्वात नसलेली स्टेशनंही संचात येतात. उपाय गणितातच आहे. पूरक संच नेहमी विश्वसंचाच्या संदर्भात असतो, म्हणून विश्वसंचाशी छेद घ्या:

पूरक = ~सुरत & २५५

याने १९२ मिळतात. विश्वसंच आधी लिहून ठेवा हे शाळेत सांगितलेलं औपचारिक वाटतं, पण सी मध्ये तो लिहिला नाही तर उत्तर चुकतं.

चौथी गोष्ट सरकवण्याची. बत्तीस बिटांच्या आकड्यात एकतिसाव्या क्रमांकाचा घटक टाकायचा असेल तर साधा १ सरकवू नका, तो चिन्हाच्या बिटात जातो आणि सी चं मानक त्याची हमी देत नाही. १ ला अनसाइन्डची यू ही खूण लावा. आणि बत्तीस घरं किंवा त्याहून जास्त सरकवणं तर पूर्णपणे बेभरवशाचं.

बरोबर आहे हे कसं कळणार?

मोजणी करून. घटक मोजायची एक सुंदर युक्ती आहे: क्ष & (क्ष − १) केलं की क्ष मधलं सर्वांत उजवीकडचं एक पुसलं जातं. ४८ घ्या. ४८ & ४७ = ३२. ३२ & ३१ = ०. दोनदा केल्यावर शून्य झालं, म्हणजे घटक दोन.

आता नववीचं सूत्र लावा: संयोगातले घटक म्हणजे दोन्हींची बेरीज वजा छेदातले. ६ + ४ − २ = ८. जुळतं. हेच आकड्यांनाही लागू पडतं: ६३ + २४० = ३०३, आणि २५५ + ४८ हेही ३०३. साध्या + ने संयोग का काढता येत नाही ते इथे दिसतं. सामाईक घटक दोनदा मोजले जातात.

आठ घटकांच्या विश्वात तर नमुन्यादाखल तपासायचीही गरज नाही, सगळंच तपासता येतं. २५६ संच, त्यांच्या जोड्या ६५,५३६. डी मॉर्गनचा नियम सांगतो, की संयोगाचा पूरक म्हणजे पूरकांचा छेद. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ सालचा, आपल्याकडच्या मदुराईचा.) दोन लूप एकात एक लावा आणि प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजू सारख्या येतात का ते पाहा. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. लूपचा आकडा मात्र इंट ठेवा. अनसाइन्ड कॅरमध्ये २५५ नंतर पुन्हा शून्य येतो, आणि '२५५ पेक्षा जास्त नाही तोवर' हा लूप कधीच थांबत नाही.

विश्व मोठं असेल तर

जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, असे खानदेशचे २५ तालुके बत्तीस बिटांत आरामात बसतात. चौसष्टपर्यंत लाँग लाँग पुरतो. पुढे बत्तीस-बत्तीस बिटांच्या आकड्यांचा अ‍ॅरे करायचा: घटक न असेल तर न / ३२ हा अ‍ॅरेतला क्रमांक आणि न % ३२ हे त्यातलं बिट. संयोग-छेद करायला मग अ‍ॅरेवर एक साधा लूप.

सहा आकडी पिनकोडसाठीही हे जमतं. दहा लाख बिटं म्हणजे १,२५,००० बाइट. पण दहा आकडी मोबाइल नंबरांचा संच असा करायला गेलात तर सव्वा अब्ज बाइट लागतील, आत दोनच नंबर असले तरी. तिथे क्रम लावलेला अ‍ॅरे किंवा हॅश टेबल (घटकावरूनच त्याची जागा ठरवणारा तक्ता) बरं. माझा ठोकताळा असा: विश्व लहान आणि ठरलेलं असेल तर बिटं, विश्व अफाट आणि संच लहान असेल तर क्रम लावलेला अ‍ॅरे.

बिटांचा आणखी एक फायदा म्हणजे सगळे उपसंच नुसतं मोजत जाऊन मिळतात. 'लीलावती'त त्याच उदाहरणात दुसरा प्रश्न आहे: गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू या सहा रसांतून पदार्थाचे किती प्रकार होतील? १ पासून ६३ पर्यंत लूप चालवा, प्रत्येक आकड्यातले घटक वरच्या युक्तीने मोजा, आणि सात घरांच्या अ‍ॅरेत त्या-त्या घराची मोजणी वाढवा. एकरसाचे ६, दोन रसांचे १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६, सहाचा १. बेरीज ६३, भास्कराचार्यांचं उत्तर.

विश्वाचे सगळे उपसंच नको, एखाद्याच संचाचे हवे असतील तर वजाबाकी आणि छेद पुरतात. मुंबई मार्गाच्या २४० पासून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी हे करा:

उ = (उ − १) & २४०

२४० नंतर २२४, मग २०८, असं उतरत शेवटी १६ येतात, म्हणजे एकटं जळगाव. चार स्टेशनांचे पंधरा उपसंच, मधला एकही चुकत नाही आणि बाहेरचा एकही येत नाही. पुढच्या फेरीत शून्य मिळतो, तिथे लूप थांबवायचा.